अनेक हातांचा ज्ञानकोश

खेड्यात वाढलेल्या मुलांना 'इर्जिक' हा शब्द ठाऊक असेल. शहरातील मुलांना तो कदाचित नवा वाटेल. ऐन नांगरणीच्या दिवसांत एखाद्या शेतकऱ्याचा बैल आजारी पडतो, किंवा घरातील करता माणूस अंथरुणाला खिळतो. पाऊस तर तोंडावर आलेला असतो. अशा वेळी तो गावाला हाक देतो. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे शेजारीपाजारी आपापली औते घेऊन त्याच्या शेतात उतरतात. कोणी मजुरी मागत नाही. दुपारी घरधनी सर्वांना जेवू घालतो, आणि एकट्याला पंधरा दिवस पुरले असते असे काम मावळतीच्या आत पार पडते. हीच इर्जिक. दहांची लाकडी, एकाचे ओझे, अशी आपल्याकडे म्हण आहे, तिचे हे मूर्तिमंत रूपच म्हणावे लागेल.

मुलांनो, शेताची इर्जिक पुष्कळांनी पाहिली असेल. पण ज्ञानाची इर्जिक कोणी पाहिली आहे काय? आज ती साऱ्या जगात रात्रंदिवस चालू आहे. तीत शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, वैद्य आहेत, गृहिणी आहेत आणि माझ्यासारखे सेवानिवृत्त म्हातारेही आहेत. या इर्जिकीत कोणी दुपारचे जेवणसुद्धा घालीत नाही. तरीही माणसे आपले औत घेऊन येतच राहतात. ह्या शेताचे नाव आहे विकिपीडिया.

ज्ञानकोश म्हणजे काय, हे प्रथम समजून घेऊ. शब्दकोश आपल्याला शब्दाचा अर्थ सांगतो. ज्ञानकोश त्या शब्दामागील वस्तूची माहिती देतो. 'गरुड' म्हणजे एक पक्षी, एवढे सांगून शब्दकोश थांबतो. तो पक्षी कोठे राहतो, काय खातो, घरटे कसे बांधतो, त्याच्या जाती किती, हे सारे ज्ञानकोश सांगतो. असा ग्रंथ एकट्यादुकट्याच्या हातून होणे महाकठीण. तरीही आपल्या महाराष्ट्रात एका पुरुषाने हे शिवधनुष्य उचलले. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) हे त्यांचे नाव. अमेरिकेत विद्वत्ता संपादन करून ते मायदेशी परतले आणि मराठी माणसाला जगातील ज्ञान मराठीतून मिळाले पाहिजे, या ध्यासाने त्यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' हाती घेतला. सरकारचा आश्रय नव्हता. लोकांकडून भांडवल उभारावे, लेखकांना लिहिते करावे, मुद्रणाकडे लक्ष द्यावे आणि पुन्हा स्वतःही लिहावे, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्या हयातीतच या ज्ञानकोशाचे २३ भाग पूर्ण झाले. लोक त्यांना 'ज्ञानकोशकार' म्हणू लागले, ते उगीच नव्हे. पुढे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे 'मराठी विश्वकोश' आकारास आला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि एकूण २० खंड झाले. या दोन्ही ग्रंथांमागे विद्वानांची तपश्चर्या होती.

पण ज्ञानाच्या कामात सामान्य वाचकाचा हातभार लागू शकतो काय? या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडातील एका शिक्षकाने दिले. जेम्स मरे हे लंडनजवळच्या एका शाळेत शिकवीत असत. १८७९ साली एका प्रचंड इंग्रजी शब्दकोशाचे संपादन त्यांच्याकडे आले. प्रत्येक शब्द कोणकोणत्या काळी, कोणकोणत्या अर्थाने वापरला गेला, हे दाखवावयाचे होते, आणि त्यासाठी लाखो पुस्तके वाचावी लागणार होती. मरे यांनी इंग्रजी वाचणाऱ्या साऱ्या लोकांना एक आवाहन केले : 'आपण जे पुस्तक वाचाल त्यातील लक्षणीय शब्द, त्याच्या वाक्यासह एका चिठ्ठीवर लिहून आम्हांस पाठवा.' आणि काय आश्चर्य! चिठ्ठ्यांचा पाऊस पडू लागला. आधीच्या संपादकाकडून आलेल्या चिठ्ठ्यांची पोती उघडली, तेव्हा एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला आणि दुसऱ्यात उंदरिणीने आपला संसार थाटलेला आढळला! मरे यांची मुले त्या चिठ्ठ्या वर्णानुक्रमे लावून देत आणि त्याबद्दल त्यांना खाऊसाठी पैसे मिळत. १९१५ साली मरे निवर्तले; कोश पूर्ण झाला तो १९२८ साली. चार लाखांहून अधिक शब्दांच्या त्या कोशात सहस्रावधी अनोळखी वाचकांचे श्रम साठलेले आहेत.

मरे यांच्या चिठ्ठ्यांना टपालाने यावे लागे. संगणक आणि आंतरजाल आल्यावर ते अंतर नाहीसे झाले. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने अशी एक युक्ती शोधून काढली की, पडद्यावरचे पान वाचणाऱ्याला तेथल्या तेथे ते बदलताही यावे. होनोलुलूच्या विमानतळावर त्यांनी एका बसगाडीचे नाव ऐकले होते : 'विकी विकी'. हवाई बेटांच्या भाषेत त्याचा अर्थ होतो 'झटपट'. तेच नाव त्यांनी आपल्या युक्तीला दिले.

त्यानंतर पाच वर्षांनी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर या दोघांनी आंतरजालावर एक ज्ञानकोश सुरू केला. त्याचे नाव न्यूपीडिया. लेख तज्ज्ञांनीच लिहावेत आणि ते सात पायऱ्यांनी तपासले जावेत, असा त्याचा कडक नियम होता. नियम चांगला होता. पण वर्षभरात दोन डझनसुद्धा लेख पूर्ण झाले नाहीत. तेव्हा मदतीसाठी म्हणून त्यांनी 'विकी'ची युक्ती वापरून दुसरे एक दार उघडले. १५ जानेवारी २००१ रोजी उघडलेल्या त्या दाराचे नाव विकिपीडिया. येथे कोणीही लिहावे आणि कोणीही सुधारावे. वर्ष संपते न संपते तोच लेखांची संख्या पंधरा हजारांच्या पुढे गेली! बाजूचे दार हेच महाद्वार ठरले. पुढे १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर, मराठी विकिपीडियाही सुरू झाला. आज तीनशेहून अधिक भाषांत विकिपीडिया आहेत. त्यांचा खर्च चालविणारी संस्था नफा कमावीत नाही, पानांवर जाहिराती छापीत नाही. वाचकांच्या देणग्यांवर तिचा कारभार चालतो.

या कोशातून भटकण्यात केवढा आनंद आहे, हे एका उदाहरणावरून सांगतो. समजा, तुम्ही हापूस आंब्याची माहिती वाचीत आहात. त्या आंब्याला हे नाव अफोन्सो दे अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीवरून पडले, असे तेथे कळते. त्याचे नाव निळ्या अक्षरांत आहे. निळ्या अक्षरांवर बोट ठेवले की त्या विषयाचा लेख उघडतो. अल्बुकर्कने १५१० साली गोवा जिंकले. पुढच्या निळ्या शब्दावरून तुम्ही गोव्यात पोहोचता. १५५६ साली भारतातील पहिला छापखाना तेथेच आला. तेथून पुढे गेलात की फादर थॉमस स्टीफन्स भेटतात. हा इंग्रज धर्मोपदेशक आपल्या भाषेवर इतका लुब्ध झाला की, त्याने मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचिले व ते १६१६ साली छापले गेले. निघालात आंब्याच्या झाडाखालून आणि पोहोचलात मराठी ग्रंथांच्या जन्मकथेशी! छापील ग्रंथात यासाठी चार खंड उतरवून धूळ झटकावी लागली असती.

आता तुम्ही विचाराल, 'कोणीही लिहावे म्हटल्यावर गोंधळ होत नाही काय? एखाद्या खोडसाळाने वाटेल ते लिहून ठेवले तर?' प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर त्या पानाच्या रचनेतच दडलेले आहे.

प्रत्येक लेखाच्या मागे त्याचा इतिहास असतो. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता शब्द काढला आणि कोणता घातला, याची नोंद तेथे आपोआप होते. जुन्या सर्व आवृत्त्या जपून ठेवलेल्या असतात. त्यामुळे कोणी चांगला मजकूर पुसून टाकला, तरी दुसरा माणूस क्षणार्धात तो पूर्ववत करतो. लेखाला जोडूनच एक चर्चा पान असते. मतभेद झाला की वाद लेखात न घालता तेथे घालावयाचा. साऱ्या कोशासंबंधी बोलावयाचे असेल, तर त्यासाठी स्वतंत्र जागा आहे; मराठी विकिपीडियावर तिला 'चावडी' म्हणतात. गावचा तंटा चावडीवर मिटावा, तसाच येथलाही मिटतो. नवशिक्याला सराव करण्यासाठी एक कोरे पान मिळते. त्याचे नाव मोठे गोड आहे : 'धूळपाटी'. पूर्वी पाटी-पेन्सिली नव्हत्या, तेव्हा मुले फळीवर धूळ पसरून तीवर काडीने अक्षरे गिरवीत. चुकले की हाताने पुसून टाकीत. येथेही तसेच. आणि कंटाळवाणी कामे, म्हणजे एकच चूक हजार पानांवरून दुरुस्त करणे वगैरे, करावयाला काही यंत्रचालित सेवक ठेवले आहेत. त्यांना मराठीत नाव दिले आहे 'सांगकाम्या'. गोष्टीतल्या सांगकाम्यासारखाच तो सांगितले तेवढेच करतो. म्हणून त्याला सांगणाराने मात्र फार जपून सांगावे लागते!

या रचनेइतकेच महत्त्वाचे आहेत तेथील नियम. त्यांतील मुख्य नियम दोन. पहिला निःपक्षपातीपणाचा. 'रायगड हा जगातील सर्वांत सुंदर किल्ला आहे,' असे कोणी लिहिले, तर ते वाक्य तेथे टिकत नाही. ते आपल्या मनातले प्रेम आहे. ती माहिती नव्हे. '१६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला,' हे वाक्य मात्र टिकते. आणि पाहा, विशेषण न वापरताही रायगडाची थोरवी त्यातूनच अधिक उठून दिसते. दुसरा नियम आधाराचा. जे लिहावयाचे, ते कोणत्या विश्वसनीय ग्रंथात किंवा नियतकालिकात आले आहे, हे सांगितले पाहिजे. आधार नसलेल्या वाक्यापुढे दुसरा कोणीतरी दोनच शब्द लिहून ठेवतो : 'संदर्भ हवा.' हे दोन शब्द दिसावयाला लहान आहेत. पण त्यांची धार फार तीक्ष्ण आहे. तिचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. तो तुम्हांला सांगावयाला मला संकोच वाटतो, तरीही सांगतो.

सेवानिवृत्त झाल्यावर माझ्या नातीने मला संगणकावर मराठी लिहिण्यास शिकविले. ज्या तालुक्यात माझी पुष्कळ वर्षे नोकरी झाली, तेथील एका डोंगराळ गावाविषयी मी विकिपीडियावर लेख लिहावयास घेतला. एका बोटाने अक्षरे वेचीत, चार दिवसांत मी तो पुरा केला. त्यात एक वाक्य असे होते : 'पश्चिम घाटातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई या गावावरून दिसते.' दुसऱ्या दिवशी पाहतो तो त्या वाक्यापुढे ते दोन शब्द लिहिलेले! मला हसू आले आणि थोडा रागही आला. जे वाक्य मी वर्गात अठ्ठावीस वर्षे सांगितले, त्याला आधार मागणारा हा कोण? मी चर्चा पानावर तसे लिहिलेही. 'आपण मुख्याध्यापक होतो,' हेही लिहावयास मी विसरलो नाही.

संध्याकाळी उत्तर आले. ते अत्यंत नम्र होते. 'गुरुजी, कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे व ते महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर आहे, हे खरे. परंतु पश्चिम घाट गुजरातेच्या सीमेपासून थेट कन्याकुमारीपर्यंत पसरला आहे. त्यातील सर्वोच्च शिखर केरळातील अनाईमुडी, उंची २,६९५ मीटर. कृपया नकाशा पाहावा.' मी भूगोलाचे पुस्तक काढले, नकाशा काढला. तो म्हणत होता तेच खरे होते. महाराष्ट्राची सीमा म्हणजे घाटाची सीमा, असे मी नकळत धरून चाललो होतो. एका शब्दाची चूक. पण अंतर हजार मीटरांहून अधिक!

त्या रात्री मला लवकर झोप आली नाही. माझी चूक कोणी दाखविली, याचे मला दुःख नव्हते. अठ्ठावीस वर्षांत माझ्यासमोर बसलेली मुले डोळ्यांपुढे येत होती. त्यांच्या वह्यांत ते वाक्य माझ्या विश्वासावर उतरले असेल. कोणी ते पुढे आपल्या मुलांनाही सांगितले असेल. फळा पुसता येतो. पण त्या वह्या दुरुस्त करावयास आता मी कोठकोठे जाऊ? विकिपीडियावरचे माझे वाक्य मात्र मी उठून त्याच रात्री सुधारले, आणि चर्चा पानावर आभाराच्या दोन ओळी लिहिल्या. माझी मूळ चूक त्या लेखाच्या इतिहासात आजही जशीच्या तशी जपलेली आहे. कोणीही ती पाहावी. चूक झाली याची लाज बाळगण्यापेक्षा ती सुधारल्याची नोंद राहणे मला अधिक समाधानाचे वाटते.

तो संपादक कोण होता? तरुण की वृद्ध, स्त्री की पुरुष, कोणत्या गावचा, किती शिकलेला, हे मला अद्याप ठाऊक नाही. ठाऊक असण्याची आवश्यकताही नाही. माझ्याजवळ नुसती खात्री होती. त्याच्याजवळ आधार होता. ज्ञानाच्या चावडीवर मानाचे आसन आधाराला मिळते, वयाला किंवा हुद्द्याला नव्हे.

याचा अर्थ असा मुळीच नव्हे की, विकिपीडिया निर्दोष आहे. त्याच्या हातून गंभीर चुकाही घडल्या आहेत. २००५ साली अमेरिकेतील जॉन साइगेन्थालर नावाच्या एका ज्येष्ठ पत्रकाराच्या चरित्रलेखात कोणीतरी थट्टेने लिहून ठेवले की, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या खुनात यांचा हात असल्याचा संशय होता. ते धादांत खोटे होते. तरीही ते चार महिन्यांहून अधिक काळ तसेच राहिले. निरपराध माणसाच्या नावाला केवढा हा डाग! त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर नवा लेख सुरू करण्यापूर्वी नाव नोंदविणे आवश्यक करण्यात आले आणि हयात व्यक्तींविषयीच्या लेखांचे नियमही कडक झाले.

दुसरी एक गोष्ट वरवर गमतीची, पण आत विचार करावयास लावणारी आहे. दक्षिण अमेरिकेत कोआटी नावाचा लांब नाकाचा एक प्राणी आहे. २००८ साली एका अमेरिकन विद्यार्थ्याने त्याच्या लेखात आपल्या मनचे एक नाव घुसडून दिले : 'ब्राझीलचा आर्डव्हार्क.' वस्तुतः आर्डव्हार्क हा आफ्रिकेतला निराळाच प्राणी. पण पुढे काही वृत्तपत्रांनी विकिपीडियावर विसंबून तेच नाव छापले. आणि मग तीच वृत्तपत्रे विकिपीडियात आधार म्हणून दाखविण्यात आली! आंधळ्याने आंधळ्याचा हात धरावा, तशातला हा प्रकार. सुमारे सहा वर्षांनी खरी गोष्ट बाहेर आली. म्हणून वाचताना लेखावरच थांबू नये. लेखाच्या तळाशी कोणता आधार दिला आहे, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. 'नेचर' या नामांकित शास्त्रीय साप्ताहिकाने २००५ साली विज्ञानाचे ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले, तेव्हा विकिपीडियाच्या एका लेखात सरासरी चार चुका आढळल्या. पण जगन्मान्य 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'च्या लेखांतही सरासरी तीन चुका आढळल्या! ब्रिटानिकाच्या संपादकांनी या तपासणीवर आक्षेप घेतला, हेही येथे सांगितले पाहिजे. बोध एवढाच की, चूक कोठेही असू शकते. म्हणून डोळे सर्वत्र उघडे ठेवले पाहिजेत.

चुकीपेक्षाही मोठा एक दोष असतो, आणि तो सहसा नजरेस येत नाही. तो म्हणजे उणेपणा, जे लिहिलेच गेले नाही ते. २ ऑक्टोबर २०१८ रोजी कॅनडातील शास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. तो मान मिळविणाऱ्या त्या जगातील केवळ तिसऱ्या महिला. त्या क्षणी त्यांच्यावर इंग्रजी विकिपीडियात स्वतंत्र लेख नव्हता! काही महिन्यांपूर्वी कोणीतरी पाठविलेला मसुदा 'पुरेसे आधार नाहीत' म्हणून परत करण्यात आला होता. कर्तृत्व होते; पण त्या कर्तृत्वाविषयी इतरांनी पुरेसे लिहून ठेवले नव्हते. आजही तेथील चरित्रलेखांपैकी सुमारे पाचवा हिस्साच स्त्रियांचा आहे. कोश हा समाजाचा आरसा असतो. समाजाने ज्यांच्याकडे पाहिले नाही, ते त्या आरशातही दिसत नाहीत.

आता हाच आरसा आपल्याकडे वळवू. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही मातृभाषा असणारे लोक आठ कोटींहून अधिक आहेत. मराठी विकिपीडियातील लेखांची संख्या मात्र लाखाच्या आसपास. युरोपातील फिनलंड देशाची भाषा बोलणारे लोक साठ लाखांपेक्षाही कमी. पण त्यांच्या भाषेतील लेख साडेपाच लाखांहून अधिक! ही तुलना मी कोणाला हिणविण्यासाठी करीत नाही. आपल्याकडे सांगण्यासारखे किती आहे, याची आठवण व्हावी म्हणून करतो. आपल्या गावची बारव, बाजारातील धान्याच्या जाती, आजीच्या तोंडची जात्यावरची गाणी, लोहाराच्या भात्याचे भाग, नदीचा उगम, जत्रेतील वाद्ये, यांविषयी फिनलंडचा माणूस लिहावयास येणार नाही. हे लिहिले तर आपणच लिहू. नाहीतर ते कोणीच लिहिणार नाही. शिवाय आता काळ असा आला आहे की, प्रश्नांची उत्तरे देणारी यंत्रेसुद्धा अशाच मजकुरावर शिकून तयार होतात. आपल्या भाषेत जे नसेल किंवा जे चुकीचे असेल, त्याचा परिणाम तेथपर्यंत पोहोचतो.

'मग आम्ही मुलांनी काय करावे?' असे तुम्ही विचाराल. ज्ञानकोशात लिहिण्यासाठी पंडितच असावे लागते, असे नाही. वाचता वाचता एखादा ऱ्हस्व चुकून दीर्घ झालेला दिसला, तर तो दुरुस्त करा. प्रथम धूळपाटीवर हात बसवा. दुसऱ्याचा मजकूर उचलून घालू नका. तो समजून घेऊन स्वतःच्या शब्दांत लिहा. ज्याला आधार नाही, ते कितीही आवडले तरी लिहू नका. घरच्या मंडळींना सांगून मगच हे काम करा आणि आपले खरे नाव, पत्ता, शाळा तेथे उघड करू नका. येथे कामाला मान असतो, नावाला नव्हे. आणि कोणी तुमच्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' असे लिहिले, तर माझ्यासारखे रागावू नका. पुस्तक उघडा, नकाशा उघडा.

मघाशी निळ्या शब्दांविषयी सांगितले. काही शब्द लाल अक्षरांतही दिसतात. त्या विषयावर अद्याप कोणीच लेख लिहिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो लाल शब्द म्हणजे शेजाऱ्याच्या शेताचा अजून न नांगरलेला तुकडा होय. तुमच्या गावाचे नाव कोठे असे लाल अक्षरांत दिसले, तर थोडे थांबा, आपल्याजवळ काय माहिती आहे आणि तिला आधार काय, याचा विचार करा. आणि आपले औत घेऊन त्या शेतात उतरा.

अभ्यास

१. इर्जिक म्हणजे काय? लेखकाने विकिपीडियाला 'ज्ञानाची इर्जिक' का म्हटले आहे?
२. शब्दकोश व ज्ञानकोश यांतील भेद एक उदाहरण घेऊन स्पष्ट करा.
३. जेम्स मरे यांनी वाचकांची मदत कशी मिळविली?
४. 'माझ्याजवळ नुसती खात्री होती; त्याच्याजवळ आधार होता.' या वाक्यातील मर्म तुमच्या शब्दांत सांगा.
५. धूळपाटी, चावडी, सांगकाम्या हे शब्द येथे कोणत्या अर्थाने आले आहेत?
६. पुढील वाक्यांतील कोणती वाक्ये ज्ञानकोशात टिकतील व कोणती टिकणार नाहीत, ते कारणासह सांगा : (अ) कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर आहे. (आ) आमच्या गावची जत्रा फारच मजेदार असते. (इ) 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले.
७. वाक्यांत उपयोग करा : शिवधनुष्य उचलणे, तोंडावर येणे, हातभार लावणे.
८. आपल्या गावातील अथवा वस्तीतील एखाद्या जुन्या वास्तूविषयी दहा ओळी माहिती लिहा. प्रत्येक वाक्यापुढे ती माहिती तुम्हांला कोठून मिळाली, ते नमूद करा.